बांडी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की आमच्या पोर्चमध्ये साडेसातनंतर उभं राहणं कठीण होतं. लातूरच्या कडेची कॉलनी, मागच्या बाजूला सोयाबीनचं रान. उधईला पंख फुटलेले असतात आणि ती झुंडीनं उजेडाकडे धाव घेते. हुमणीचे तपकिरी भुंगेरे ट्यूबवर आदळून पालथे पडतात आणि फरशीवर गरगर फिरत राहतात. सकाळी झाडताना सुपलीभर नुसते पंख निघतात. आणि या सगळ्याच्या भोवती मीटरच्या पेटीमागून, पाटीच्या आडून, चौकटीवरच्या तोरणातून पाली बाहेर येतात. एका रात्री मी अकरा मोजल्या होत्या.

पालीची मला फार भीती वाटायची. आजही ती पूर्ण गेलेली नाही, पण तिचं रूप बदललं आहे. ते कसं बदललं, ते आज लिहून काढायचं आहे.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. घर माळवदाचं. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, वर तुळया, त्यांवर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा थर. अशा घरात पाली असणारच. त्या तुळयांच्या सांदीत राहायच्या, संध्याकाळी देवळीतल्या चिमणीच्या उजेडाला यायच्या, आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. पाल चुकचुकली की आज्जी हातातलं काम थांबवून बोटानं जमिनीवर टकटक करायची, 'कृष्ण कृष्ण' म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी दुसरीत असताना एका रात्री ओसरीत झोपले होते आणि वरून माझ्या मानेवर पाल पडली. ती किती मोठी होती ते आठवत नाही. तिचा गार, मऊ, पटकन सरकणारा स्पर्श मात्र अजून मानेवर आहे. आज्जीनं त्या अपरात्री चूल पेटवून पाणी तापवलं, मला डोक्यावरून आंघोळ घातली, देवापुढं दिवा लावला आणि सकाळी पंचांग उघडून पल्लीपतनाचं पान काढून बसली. "डाव्या अंगावर पडली. बाईच्या जातीला चांगलं असतंय माय," असं म्हणून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. चांगलं असेल, पण त्या दिवसापासून मी वर छत बघितल्याशिवाय अंथरुणावर पडले नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ते माळवद खाली आलं. अनंत चतुर्दशीची रात्र उलटत होती. आम्ही सगळे वाचलो, गावात अनेक जण वाचले नाहीत. त्याबद्दल इथं जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगते की आमच्या भागातला माणूस कुणाच्याही घरी गेला तर आधी भिंत बघतो. कुठं तडा आहे का, चौकट सुटली आहे का, स्लॅबला केसाएवढी रेघ आहे का. मीही बघते. लातूरला आम्ही घर बांधलं तेव्हा मी गवंड्याच्या मागं उभी राहून एकेक सांधा भरून घेतला होता. घराला एकही भेग नाही, अशी माझी खात्री होती.

आणि तरी पहिल्याच पावसाळ्यात पाली घरात आल्या.

मग उपाय सुरू झाले. अंड्याची टरफलं खिडकीत ठेवली. मोरपिसं आणून भिंतीला लावली. कांद्याच्या फोडी टांगल्या, सोललेला लसूण ठेवला, मिरपुडीचं पाणी फवारलं. आठवडाभर घराला खानावळीचा वास येत होता, पाली होत्या तिथंच होत्या. मोरपिसाच्या मागं तर एक पाल दिवसा विश्रांती घ्यायची, तिला आडोसा मिळाला होता. डांबरगोळ्या ठेवल्या, पण मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि एक दिवस त्याच्या मुठीत ती पांढरी गोळी दिसली. त्या सगळ्या उचलून मी बाहेर पुरल्या. तंबाखू आणि कॉफीच्या गोळ्यांचा उपाय शेजारणीनं सांगितला होता, तो केलाच नाही. लेकरू असलेल्या घरात जमिनीलगत विष ठेवू नये, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

शेवटी बाजारातून चिकट पॅड आणला. पुठ्ठ्याचा, उंदरासाठी असतो तो. दुकानदार म्हणाला, पालीलाही चालतो, भिंतीच्या कडेला ठेवा, सकाळी घडी करून टाकून द्या. घडी करून टाकून द्या, हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

पहाटे पाच वाजता सडा घालायला दार उघडलं. पॅडवर एक पाल होती आणि ती जिवंत होती. चारही पाय, पोट, हनुवटी, शेपटी, सगळं त्या डिंकात रुतलेलं. फक्त पोटाची बाजू भरभर वरखाली होत होती. घडी करायची म्हणजे काय करायचं, ते मला त्या क्षणी कळलं. मी पुठ्ठ्याचं टोक धरलं आणि तशीच उभी राहिले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. वय तेव्हा बहात्तर. "काय करायलीस गं?" त्यांनी विचारलं. मी पुठ्ठा दाखवला. त्यांनी वाकून बघितलं, आणि त्या मला रागावल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जीव जायना अन् सुटंना. लई वाईट मरण हाय माय हे. जा, तेल आण."

करडईच्या तेलाची वाटी मी आणली. आत्याबाईंना जवळचं दिसत नाही, त्यामुळे हात मलाच घालावा लागला. तेल थेंबाथेंबानं तिच्या पायांभोवती सोडायचं, डिंक सैल व्हायची वाट बघायची आणि काडीनं नाही, बोटानं एकेक पाय सोडवायचा. काडीनं पाय मोडला असता. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी आयुष्यात पहिल्यांदा पाल बघितली. त्याआधी मी फक्त दचकत होते.

तिला पापण्या नव्हत्या. डोळ्यावर काचेसारखा पातळ पडदा, आत उभी बारीक फट असलेली बाहुली. धूळ बसली की पाल आपल्या जिभेनं डोळा पुसते, हे मी सातवीच्या वर्गात शिकवलेलं होतं. इथं तिची जीभ बाहेर यायची, डिंकाला लागायची आणि परत जायची. मी ओल्या कापसानं तिची हनुवटी मोकळी केली, तेव्हा तिनं सगळ्यात आधी डोळाच चाटला. त्वचा इतकी पातळ की पोटातलं गुलाबी-निळं दिसत होतं. आणि बोटं! प्रत्येक बोटाखाली पानाच्या शिरांसारख्या आडव्या घड्या, रांगेनं. पाल कशाच्या जोरावर छताला चिकटते हे मला माहीत होतं, तरी त्या घड्या बोटाच्या टोकाशी धरून बघणं वेगळं होतं.

पालीच्या पायाला डिंक नसतो, ओलावा नसतो, हवा ओढून धरणारी वाटीही नसते. त्या घड्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात आणि प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांत विभागलेलं असतं. टोके नावाच्या मोठ्या पालीवर काम करून केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली अशा एकाच केसाची ताकद मोजली. तिच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात. दोन वर्षांनी त्याच गटानं दाखवलं की ही पकड रेणूरेणूंमधल्या अगदी क्षीण ओढीची आहे, जिला भौतिकशास्त्रात व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. एकटी ओढ नगण्य, पण लाखो ठिकाणी एकदम लागली की पाल काचेवर उलटी चालते. आणि पाऊल उचलताना ती बोट टोकाकडून वर सोलून घेते, चिकटपट्टी सोलावी तसं. कोरडेपणावर चालणारे असे पाय मी डिंकात रुतवले होते.

तीन पाय सुटले. चौथा सोडवताना माझा हात थरथरला, तिनं झटका दिला आणि शेपटी पॅडवरच राहिली. तुटलेली शेपटी वळवळत होती, रक्ताचा जेमतेम एक ठिपका. पालीच्या शेपटीच्या मणक्यांमध्ये तुटण्यासाठीच्या जागा आधीच असतात, स्नायू आवळून तिथल्या रक्तवाहिन्या लगेच मिटतात, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेपटीत तिची चरबी साठवलेली असते. अडीनडीची शिदोरी. तीही माझ्यापायी गेली.

ती भिंतीवर चढेना. पायाला तेल लागलेलं. आत्याबाईंनी तिला राखेच्या ताटलीत ठेवायला सांगितलं, मग तुळशीच्या कुंडीमागं सावलीत. दुपारी बघितलं तर तिथं नव्हती. रात्री ट्यूबखाली एक शेपटी नसलेली पाल आली, बाकीच्यांपासून जरा लांब बसली. "आली बघ बांडी," आत्याबाई म्हणाल्या. तिचं नाव तेव्हापासून बांडी.

पॅड मी पुन्हा कधी आणला नाही. कुणी आणला तर मी भांडते. उंदरासाठीसुद्धा.

पण याचा अर्थ असा नाही की पाली घरभर फिराव्यात. हे मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण जीवदयेच्या नावाखाली घराकडे दुर्लक्ष करणारी माणसंही मी बघितली आहेत. आपल्या घरातल्या पाली विषारी नसतात, त्यांच्या चावण्यानं किंवा अंगावर पडण्यानं काही होत नाही. मात्र त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हे जिवाणू अन्नात जाऊ शकतात, आणि त्यानं जुलाब-उलट्या होतात. दुधाचं पातेलं उघडं ठेवायचं नाही, ओट्यावरची काळी लेंडी, जिच्या टोकाला पांढरा ठिपका असतो ती, दिसली की ओटा साबणानं धुवायचा, मिक्सरचं भांडं लावण्याआधी आत बघायचं. स्विचबोर्डच्या डब्यात ऊब असते म्हणून पाल आत शिरते, दोन तारांना एकदम शिवते आणि तीही मरते, बोर्डही जळतो. आमचा इन्व्हर्टर असाच गेला होता.

आणि कवड्या. ती गोष्ट बांडीच्या दुसऱ्या महिन्यातली. रात्री दहाला मुलगा पोर्चमधून ओरडला. चौकटीच्या वर, पाटीच्या मागून, तपकिरी अंगाचा, पांढुरक्या पट्ट्यांचा, करंगळीएवढा जाड साप खाली ओघळत होता. आमच्या भागात पट्टे दिसले की एकच नाव तोंडात येतं, मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि चावल्याचं त्याला कळतही नाही, अशा घटना प्रत्येक तालुक्यात आहेत. आम्ही दिवे चालू ठेवले, लांब उभं राहून नजर हलवली नाही आणि सर्पमित्राला फोन केला. वीस मिनिटांत एक तरुण मुलगा आला, बघताच म्हणाला, "कवड्या हाय मॅडम. बिनविषारी. पट्टे बघा, मानेकडं ठळक अन् शेपटीकडं पुसट. मण्यारीचं उलटं असतंय. पण तुम्ही हे बघत बसू नका, दिसला की आम्हालाच बोलवा." त्यानं साप पिशवीत घेतला आणि छताकडे बघितलं. "पाली लई दिसायल्या. ह्यो त्यांच्यासाठीच आलाय. पुन्हा येईल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाली पकडून बाहेर टाकायच्या तर त्या परत येतात. मारायच्या नाहीत. मग करायचं काय?

उत्तर शेतातून आलं. धाकटे भाऊजी गावी शेती करतात. सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा बांधावर बल्ब टांगलेला होता, खाली पसरट टोपल्यात रॉकेल घातलेलं पाणी. "प्रकाश सापळा, वहिनी," ते म्हणाले. "हुमणीचे भुंगेरे सातला निघतात अन् उजेडावर येतात. पहिल्या पावसाला लावला की निम्मं काम होतंय." मी त्या टोपल्यात तरंगणारे भुंगेरे बघत राहिले. आमच्या पोर्चमधल्या फरशीवर रोज हेच दिसत होतं. मी दारावर पांढरीशुभ्र ट्यूब लावून दर रात्री प्रकाश सापळाच चालवत होते. किडे उजेडासाठी, पाली किड्यांसाठी, कवड्या पालींसाठी, आणि मी या साखळीच्या शेवटच्या टोकाला मिरपुडीचं पाणी मारत होते.

परत आल्यावर ट्यूब काढली. दाराशी कमी उजेडाचा पिवळसर बल्ब लावला, त्यावर किडे फार कमी येतात, आणि तोही गरज असेल तेव्हाच लावायचा. मोठा दिवा कंपाउंडच्या खांबावर, फाटकाशी नेला. दिवेलागणीला आतले पडदे ओढायचे, दाराला बारीक जाळीचं दुसरं दार.

राहिल्या भेगा. एकही भेग नसलेल्या माझ्या घरात पाली शिरत होत्या कुठून? मी आठ रात्री हातात बॅटरी घेऊन बसले. पाल उजेडाला बुजते आणि थेट आपल्या वाटेला लागते. ती जिथं नाहीशी होते तिथं खडूनं फुली मारायची. आठ रात्रींत सतरा फुल्या झाल्या. एसीच्या नळीभोवतीचं भोक. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, जी दिवसा मला रंगाची रेघ वाटत होती. मोरीची तुटकी जाळी. दाराखालचं बोटभर अंतर. आणि मागच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा खाली गेलेला एक तडा. तो मला दिसलाच नव्हता. इंजिनिअरला बोलावून दाखवला. गिलाव्याचा आहे, भिंतीचा नाही, असं त्यानं ठोकून बघून सांगितलं, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. माळवदाखालून निघालेल्या माणसाला तो श्वास कळेल.

भरताना काळजी घ्यावी लागली. पाटीमागच्या खोबणीत दोन पांढरी अंडी भिंतीला चिकटलेली होती, हरभऱ्याएवढी, कडक कवचाची. आधी गवंड्याला तिथलं काम नंतर करायला सांगितलं. मग विचार केला, ती खोबण बाहेरच्या बाजूची आहे, घरात उघडत नाही. ती तशीच राहू दिली. आजही आहे.

पाली संपल्या नाहीत. पण अकराच्या तीन झाल्या, त्याही खांबावरच्या दिव्याकडे गेल्या. कवड्या पुन्हा दिसला नाही. घरात वर्षाकाठी एखाददुसरी चुकून येते. मग मी सगळे दिवे घालवते, बाहेरचा लावते, दार उघडते आणि वाट बघते. झाडूनं हाकलायला गेलं की ती कपाटामागं जाते, नाहीतर शेपटी टाकते.

बांडीनं मात्र पोर्च सोडला नाही. ती मीटरच्या पेटीमागं राहते. पावसाळ्यात तिची शेपटी हळूहळू फुटत गेली. आधी बोंडासारखं टोक, मग जाड, गुळगुळीत, जरा फिकट, जुन्या शेपटीवरच्या पट्ट्यांचा मागमूस नसलेली. तिच्या आत मणके नसतात, कूर्चेची एक सलग दांडी असते. दिवाळीपर्यंत शेपटी जवळजवळ पूर्ण झाली होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती पेटीच्या वर येऊन बसली. त्या दिवशी पाल दिसणं शुभ मानतात. आत्याबाई आनंदल्या आणि लांबूनच तिच्या दिशेनं हळदकुंकू टाकलं. त्या एकदा तिरुपतीहून पुढं कांचीपुरमला जाऊन आलेल्या आहेत. तिथल्या वरदराज पेरुमाळच्या देवळात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे, भाविक त्यांना हात लावतात, म्हणजे अंगावर पाल पडल्याचा दोष जातो. आत्याबाईंनी परत आल्याबरोबर तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवला होता. "आता तुला पडलेली निघाली," म्हणाल्या होत्या. लहानपणीची ती गोष्ट मी त्यांना कधीतरी एकदाच सांगितली होती.

डिसेंबर-जानेवारीत बांडी दिसत नाही. थंडीत या जिवांचं अंग हलत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी कधीतरी पेटीच्या कडेला तिचं तोंड दिसतं.

यंदाचा एप्रिल फार कडक गेला. पाणी आठवड्याला येत होतं. पोर्चमध्ये तिवईवर माठ आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. परवा संध्याकाळी वीज गेली म्हणून मी आणि आत्याबाई बाहेर बसलो होतो. अंधार पडत होता. पेटीमागून बांडी निघाली, भिंतीवरून उतरली, तिवईच्या पायावरून वर चढली. मी पाय वर घेतले, तेवढं अजून होतंच. ती माठाला चिकटली. मातीतून पाझरलेल्या ओलीवर तिनं जीभ लावली, थांबली, पुन्हा लावली. बराच वेळ. आमच्यात हातभराचं अंतर होतं.

"पितीया?" आत्याबाईंनी हळूच विचारलं. त्यांना आता अंधारात काहीच दिसत नाही.

"हो," मी म्हणाले.

"पिऊ दे," त्या म्हणाल्या, आणि वीज येईपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.